दिग्याचं एक ग्रॅम

दिग्या, लेका, ही काय जायची रीत झाली? चार माणसांसारखं आधी आजारी पडायचं, दवाखान्यात झोपायचं, आम्ही मोसंबी घेऊन भेटायला यायचं, तू त्या मोसंब्यांना नावं ठेवायची, आणि मग काय जायचं ते जायचं. आयुष्यभर सगळं रीतसर केलंस आणि नेमकं हेच एक असं. जेवून झोपलास आणि सकाळी उठला नाहीस. वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा तुझा रागच आला. रडू फार उशिरा आलं. तुझी शवपेटी कतारहून नाशिकला जायला विमानात चढली, सगळे पांगले, आणि मग कार्गोच्या पार्किंगमध्ये मी गाडीची किल्ली शोधत उभा होतो तेव्हा.

ऑफिसची गाडी आता माझ्याकडे आहे. सीट तू ठेवलीस तशीच, पार पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. मागे करायला हात जातो आणि परत येतो. शेजारच्या सीटवर तुझी वजनांची पेटी असते. तिला बेल्ट लावावा लागतो, नाहीतर गाडी टुकटुक करत राहते. तिला वाटतं, कुणीतरी बसलंय. पहिल्या दिवशी अल गराफाच्या सिग्नलला ती टुकटुक सुरू झाली तेव्हा मी चक्क तुझ्यावर खेकसलो, "अरे, बेल्ट लाव की!" मागच्याने हॉर्न मारला म्हणून भानावर आलो.

आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की तू सांगायचास, "आम्ही काट्यांचे मास्तर. पेपर काढतो, तपासतो, नापास करतो." सोनारांचे काटे, औषधवाल्यांचे, लॅबमधले. पण तुझा खरा जीव शमालच्या रस्त्यावरच्या त्या नेमबाजीच्या रेंजवर. तिथल्या कुलूपबंद खोलीत यूसुफ, तो उंच सुदानी, नेमबाजांची रिकामी पितळी काडतुसं परत भरतो. प्रत्येक काडतुसातली दारू आधी काट्यावर तोलतो. काटा खोटं बोलला तर काडतूस कमी भरतं किंवा जास्त, आणि जास्त भरलं तर ते माणसाच्या हातात फुटू शकतं. तिकडे निघालो की तू नाशिकला आईंना फोनवर मोठ्याने सांगायचास, "आई, दारू मोजायला चाललोय गं," आणि मी तुझं तोंड दाबायला धावायचो. कतारमध्ये असलं ओरडायचं असतं का, मर्दा?

त्या खोलीतला तुझा थाट मला अजून दिसतो. आधी एसी बंद. मग काट्याच्या काचेच्या पेटीची दारं लावायची. मग नुसतं उभं राहायचं, घाम गळेपर्यंत, हवा निजेपर्यंत. मग चिमटा. वजनाला बोट लावणं म्हणजे तुझ्या लेखी शिवाशिवच. मी नवीन होतो तेव्हा एकदा सहज बोटांनी एक वजन उचललं, तर भर गिऱ्हाइकासमोर केवढ्यांदा ओरडलास! "घामाचं तेल लागलं ना रे त्याला! आता ते वजन राहिलं का? मेलं ते!" नंतर गाडीत इथला तो दाट, वेलचीचा करक चहा पाजलास, पण माफी काही मागितली नाहीस. मीही बोललो नाही तुझ्याशी, सबंध आठवडा.

आणि आपलं ते कायमचं भांडण. तू एकदा एका रिपोर्टात दोन आकडे उलटे लिहिलेस. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, गपचूप नवीन कागद दे, विषय संपला. तू मात्र गाडी काढलीस, तिथे जाऊन चूक कबूल केलीस, साहेबाच्या शिव्या खाल्ल्यास. परत आल्यावर मी म्हटलं, "हरिश्चंद्राचा नातू का रे तू?" तर म्हणालास, "रम्या, चूक सापडली की बोंब मारायची. दाबून ठेवली की ती वाढते." मी म्हणायचो, काही चुका दाबल्याने कुणाचं काही जात नाही. तू म्हणायचास, हे ठरवणारा तू कोण? यावर आपण शमालला जाताना भांडलो, येताना भांडलो, तुझ्या गॅलरीत भजी खाताना भांडलो. निकाल लागला नाही.

एक मात्र कधी बोललो नाही, ते आज बोलतो. माझे वडील गेले तेव्हा तिकीट, पासपोर्ट, साहेबाला सांगणं, सगळं तूच केलंस. विमानतळापर्यंत सोडलंस आणि वाटेत एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर मी तिथेच फुटलो असतो, हे तुला कसं कळलं कोण जाणे. एरवी तोंडाचा पट्टा सुरू असणारा माणूस तू. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. आता मानतो, ऐकू येत असेल तर.

तर तू गेल्यावर रेंजवरची तपासणी माझ्यावर आली. तुझी पेटी घेतली, माझीही घेतली, सवयीने. यूसुफने दारातच मला मिठी मारली. "अल्ला यरहमू," म्हणाला, अल्ला त्याच्यावर दया करो, आणि तुझं नाव घेऊन छातीवर हात ठेवला. मग आत नेऊन काट्याच्या काचेवर बोट ठेवलं. तिथे तुझी चिठ्ठी चिकटवलेली होती. तुझी ती इंग्रजी कॅपिटल अक्षरं, एकेक खिळा ठोकल्यासारखं. एक ग्रॅमजवळ हा काटा पाच मिलिग्रॅम जास्त दाखवतो, तोलताना तेवढं लक्षात घ्या. खाली सही. यूसुफ म्हणाला, "तुझा भाऊ सांगून गेला, तसंच करतोय. प्रत्येक पिस्तुलाच्या काडतुसात तेवढं जास्त घालतोय." माझा भाऊ म्हणाला तुला. मी दुरुस्त केलं नाही.

एसी बंद केला. दारं लावली. उभा राहिलो. शेवटचा आकडा थरथरत होता. आपण म्हणतो ना, कुणी श्वास घेत असलं की हलतो. मी श्वास धरला. यूसुफ बाहेर गेला होता. आकडा तरी हलतच होता. अंगावर काटा आला, दिग्या. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे, पण त्या क्षणी मी मागे वळून बघितलं. मग हळूच म्हणालो, "श्वास धर की लेका." आणि आकडा थांबला. आता तू म्हणशील एसीचा उरलेला झोत निवला, हवा बसली. बरं, तसं तर तसं.

तुझ्या पेटीतलं एक ग्रॅम ठेवलं. हरभऱ्याएवढं वजन ते. काट्याने पाच मिलिग्रॅम जास्त दाखवलं. म्हणजे तुझी चिठ्ठी बरोबर. हायसं वाटलं. मग माझ्या पेटीतलं एक ग्रॅम ठेवलं, आणि काट्याने बरोबर एक ग्रॅम दाखवलं, ना कमी ना जास्त. परत तुझं, परत पाच जास्त. परत माझं, परत बरोबर. काटा आणि वजन भांडायला लागले तर आधी वजनाची गचांडी धरायची, हे मला कुणी शिकवलं? तुझं वजन भिंगाखाली धरलं. वरची छोटी मूठ, तिच्याखाली बारीकशी मान, आणि त्या मानेच्या खाचेत लाल रेघ. मी लगेच ओळखलं. कुंकू होतं ते.

काटा ठीक होता, दिग्या. वजन चुकलं होतं, आणि म्हणून तुझी चिठ्ठी चुकली होती. यूसुफ बिचारा तुझ्या शब्दावर प्रत्येक काडतुसात पाच मिलिग्रॅम फुकटची दारू घालत होता. पाच मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या दाण्याचा चौथा भाग, एरवी कुणी विचारतं का? पण पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते ती चिमूटभर, आणि काही नेमबाज आधीच वरच्या रेषेला टेकवून भरून घेतात. मी बाहेर जाऊन म्हटलं, "यूसुफ, खलास. आज भरणं बंद. भरलेलं एकही द्यायचं नाही. उद्या तिसरी वजनं घेऊन येतो." कारण सांगितलं नाही. तुझं शेवटचं काम होतं ते.

परतताना तुझा तो फोन आठवला, शेवटच्या संध्याकाळचा. "रम्या, उद्या तुझी पेटी दे मला."

"का, तुझीला काय धाड भरली?"

"देतोस की नाही ते सांग."

"आधी कारण सांग."

"उद्या सांगतो म्हटलं ना. प्रत्येक गोष्टीला तुला कारण लागतं!"

आणि आपण नेहमीसारखी तोंडाला तोंड देत फोन ठेवला. मला वाटलं, तुझी काहीतरी खुसपटं. आता कळतंय. चिठ्ठी चिकटवून घरी आलास आणि मग तुला शंका आली. पेटी उघडून बघितलं असशील, मला दिसली ती रेघ तुलाही दिसली असणार. मग ती तिथेच साफ का नाही केलीस? एका काडीचं काम. दमला असशील, छातीत काही होत असेल आणि तू कुणाला सांगितलं नसशील. मी त्या शमालच्या सरळ रस्त्यावर तुला एकेक प्रश्न विचारत होतो, शेजारच्या बेल्ट लावलेल्या पेटीकडे बघत.

कुंकू आलं कुठून, याचा मात्र मला प्रश्न नव्हता. खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू पेटी घरी न्यायचास. गाडीची किल्ली, लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर, वहिनींची विळी आणि ही पेटी, सगळं पाटावर. ऑफिसात कुठली आलीय हत्यारांची पूजा! पण तू पेटीच्या झाकणालाच कुंकू लावायचास आणि आतल्या वजनांना लांबून नमस्कार. मी चिडवायचो, "देवाला नुसतं झाकण दाखवतोस होय रे?" म्हणून वाटलं, यंदा तुलाच काही अवदसा आठवली की काय.

दुसऱ्या दिवशी तिसरी वजनं मिळेपर्यंत दुपार होणार होती, म्हणून सकाळी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या तुझ्या घरी गेलो. वहिनी नाशिकहून घर आवरायला आल्या होत्या. तुझ्या नावावरचा व्हिसा, तू नाहीस तर त्यांनी इथे राहायचं कशावर? हॉलभर खोकी. तुझी लेक ईरा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "काका, डू यू वॉन्ट टी?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. तिचे डोळे तुझ्यासारखे आहेत हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मी काही विचारायच्या आधीच वहिनी बोलायला लागल्या. त्यांच्या हातात पूजेचा पाट होता, घ्यायचा की टाकायचा ठरत नव्हतं.

"भावजी, यंदाची खंडेनवमी मी एकटीनेच केली. दिगंबरला यायला उशीर झाला. म्हटलं, पेटी बंद ठेवून कसली पूजा? उघडली सरळ. एकेका वजनाला कुंकू लावलं. त्या चिमुकल्यालासुद्धा, काडीच्या टोकाने."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, हा आला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतो. अहो, त्या पेटीवरची धूळ पुसायचीसुद्धा मला चोरी होती! पण नुसता बघत उभा राहिला. आणि हसायला लागला. म्हणाला, 'वैशाली, नटून बसलीत की गं सगळी.' नंतर पुसली असतील त्याने. मला अवाक्षर बोलला नाही." त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "तेवढं एक माझ्याजवळ राहिलं, भावजी. शेवटचं असं छान."

चहा आला. मी प्यायलो. दिग्या, माझ्या मनात काय आलं सांगू? असूया! माझ्या एका बोटाला भर गिऱ्हाइकासमोर फाशी, आणि बायकोने पेटीभर कुंकू लावलं तर 'नटून बसलीत'? नियमाने ती सगळी पेटी त्याच दिवशी परत तपासायला जायला हवी होती. तू फडक्याने पुसलीस आणि तशीच वापरलीस. का? तर परत पाठवायची म्हणजे कारण सांगायला लागणार, आणि ते कारण घरापर्यंत येणार. बोंब मारायला सांगणारा तू, आणि एवढी एक चूक तुला गिळावीशी वाटली. तिथे बसल्या बसल्या मला तुझा इतका राग आला आणि इतका जिव्हाळा वाटला की मी उठलोच.

दुपारी रेंजवर गेलो. तिसऱ्या वजनांनीही तेच सांगितलं. मग मी बोंब मारली. हो, मी. आधी यूसुफला सगळं सांगितलं, मग तिथूनच साहेबाला फोन लावला. काटा बरोबर, वजन जड, चिठ्ठी चूक, चिठ्ठीनंतर भरलेलं प्रत्येक काडतूस उघडून परत तोलायचं. यूसुफने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. कपाटातून एकेक खोकं काढून टेबलावर मांडलं. जी उडवून झाली होती त्यांनी कुणाला इजा केली नव्हती, हे दोनदा विचारून घेतलं आणि मगच खाली बसलो. साहेबाने विचारलं, "वजनाला काय लागलं होतं?" मी म्हटलं, "लाल काहीतरी. रंग असेल." ते एक मी दाबलं. ठरवणारा मी कोण? मीच. तू ठरवलंस तेव्हा मला विचारलं होतंस?

मग ती चिठ्ठी काढायची होती. नखाने कोपरा उचलला. चिवट निघाली. तुझी अक्षरं फाटत फाटत येत होती, आधी सही, मग आकडा. यूसुफ दुसरीकडे बघत उभा राहिला. तुझ्या हाताचं दुसरं काही मी असं फाडलं नसतं, दिग्या, कुणी सांगितलं असतं तरी. काच पुसली. काट्यावर काही ठेवलेलं नव्हतं आणि शेवटचा आकडा परत थरथरायला लागला. "जा आता," म्हणालो. यूसुफने विचारलं, काय म्हणालास? काही नाही म्हटलं.

ते एक ग्रॅम बाद झालं. साहेब म्हणाला, टाकून दे. मी टाकलं नाही, प्लॅस्टिकच्या पुडीत घालून खिशात ठेवलं, का ते विचारू नकोस.

वहिनींच्या जायच्या दिवशी सामान उतरवायला गेलो. घर रिकामं, आवाज घुमत होता. गाडीत बसायच्या आधी त्या घुटमळल्या. "भावजी, कंपनीचं आहे माहितीये मला. पण त्या पेटीतलं ते चिमुकलं... मिळालं असतं तर. त्याच्या हातातलं रोजचं काही नाही माझ्याजवळ."

खिशात होतं. काय करू? साफ करून द्यावं म्हटलं तर वेळ नव्हता, नाही म्हणावं तर तोंड नव्हतं. दिलं. त्यांनी पुडी उघडली आणि सरळ बोटांनी ते उचललं. माझा हात आपोआप पुढे गेला, तसाच मागे घेतला. त्यांनी ते उन्हात धरलं, फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "भावजी, बघा ना. मानेत अजून कुंकू आहे."

मी बघितल्यासारखं केलं.

"बाकी सगळी पुसली आणि एवढं ठेवलं बघा त्याने." मग एकदम काळजीने, "पण असं चालतं का हो तुमच्या कामाला?"

"चालतं की," मी म्हटलं. "न चालायला काय झालं?"

त्यांनी मूठ मिटली. सबंध रस्ता ती मूठ उघडली नाही. पासपोर्टही डाव्या हाताने काढला.

तेव्हापासून मला झोप नाही. मला वाटत होतं, मी त्यांच्याशी खोटं बोललो. आता तेही खात्रीने सांगता येत नाही. दिग्या, खरं सांग, मी कुणाजवळ बोलणार नाही. ते कुंकू राहून गेलं होतं, की तू ठेवलं होतंस?